जांभयांची वही आणि लाल खुंटा

आमच्या वरच्या मजल्यावर सहा वर्षं एक प्राथमिक शिक्षक भाड्याने राहत होते. त्या सहा वर्षांत त्यांनी माझ्या सदतीस जांभया लिहून ठेवल्या. माझ्या हिशेबाने त्या एकतीस होतात. उरलेल्या सहांबद्दलचा आमचा वाद ते रत्नागिरी सोडून गेले तरी मिटला नाही.

ही वही शंभर पानी होती, खाकी पुठ्ठ्याची. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं, ‘जांभया’. गुरुजींच्या वर्गात जांभई द्यायला बंदी नव्हती. उलट जांभई आली की पोराने हात वर करायचा आणि वर्गाच्या सेक्रेटरीने घड्याळ बघून मिनिट लिहायचं. कुणी रागवत नसे, कुणी हसत नसे. संध्याकाळी घरी आल्यावर गुरुजी ती वही पाठाच्या टाचणाशेजारी ठेवत आणि ज्या मिनिटाला जांभई पडली असेल तिथलं वाक्य लाल पेनाने खोडत.

“पोराला जांभई आली म्हणजे माझं वाक्य मेलं,” ते म्हणत. “मेलेलं वाक्य उद्या परत वर्गात न्यायचं नाही. वास येतो.”

पण कुठलाही पाठ ते थेट वर्गात नेत नसत. आधी तो माझ्यावर होई. मी मिरजोळ्याला एका कारखान्यात माल तपासणीच्या खात्यात आहे. साडेचारला सुटतो, घरी येऊन आंघोळ, चहा, आणि सात वाजता ओटीवर खुर्ची टाकून बसतो. बसलो की जिन्यावर चपला वाजायच्या. गुरुजी खाली यायचे, समोर उभे राहायचे, आणि मला इयत्ता पाचवी समजून शिकवायला लागायचे. पहिल्या वर्षी मी विचारलं, “मीच का हो?”

“मालक,” ते म्हणाले, “तुम्हाला हे शिकायची गरज नाही, इच्छा नाही, आणि उठून जायची सोयही नाही. माझ्या वर्गाची अगदी हीच अवस्था आहे.”

मला ते ‘मालक’ म्हणत. माझ्या बायकोला ‘वहिनी’. वयाने ते माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठे, पण हाक अशी मारत की घर माझं असूनही मीच भाड्याने राहतोय असं वाटे.

वादाचं मूळ असं. मी आकड्यांचा माणूस. मला कुठलीही नोंद अर्धवट दिसली की चैन पडत नाही. पहिले पाच-सहा महिने गेल्यावर मी त्यांना सांगितलं, “गुरुजी, सगळ्या जांभया एका रकान्यात धरणं चूक आहे. भुकेची जांभई वेगळी. जेवणानंतरची वेगळी. दुसऱ्याची बघून आलेली वेगळी. पाठामुळे आलेली तेवढीच तुमच्या खात्यावर पडली पाहिजे.” एवढंच नाही, मी रविवारी बसून चार रकान्यांचा तक्ता आखून दिला.

त्यांनी तो नीट पाहिला, घडी घातली आणि वहीच्या मागे ठेवला. “सुंदर आहे,” म्हणाले. “पण जांभई ती जांभई. पोट भरलेलं असतानाही ज्यात झोप येत नाही, तो पाठ.”

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन क्वचितच असे. पण दोरा, मेणबत्तीचं थोटूक आणि एक सुपारी हमखास. सुपारी म्हणजे चंद्र. सोललेला नारळ म्हणजे पृथ्वी. हे मला पटेना, म्हणून मी कारखान्यातून मापक आणून दोन्ही मोजलं. सुपारी दोन पूर्णांक नऊ सेंटिमीटर, नारळ अकरा पूर्णांक दोन. प्रमाण जवळजवळ बरोबर निघालं. मी मान्य केलं. “मग आता चंद्र पृथ्वीपासून किती लांब धरायचा?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “हातभर?” ते म्हणाले, “तीस नारळ ओळीने मावतील इतका.” म्हणजे तीन मीटर छत्तीस सेंटिमीटर. ते अंतर ओटीवर मावेना. शेवटी मी सुपारी चिमटीत धरून फाटकापाशी उभा राहिलो आणि ते पायरीवर नारळ घेऊन. रस्त्याने जाणाऱ्या शेजाऱ्याने विचारलं, “काय हो, कुणाचं लग्न काढलंत?” त्या संध्याकाळी मला एकही जांभई आली नाही. वहीत तशी नोंद आहे.

बायकोच्या स्वयंपाकघरातल्या वस्तू हळूहळू शाळेत दाखल होत गेल्या. ती भात काढायला गेली की झारा नाही. मग जिन्यातून आवाज यायचा, “वहिनी, तुमचा झारा दोन दिवस पाचवीत आहे. शुक्रवारी सुटेल.” इडलीचा साचा क्षेत्रफळाला गेला. कुकरची शिट्टी बाष्पीभवनाला गेली ती आठवडाभर आली नाही, आणि आम्ही तो आठवडा अंदाजाने शिजवलेली डाळ खाल्ली. बायको वैतागून म्हणायची, “गुरुजी, आता मलाच न्या एकदा.” ते गंभीरपणे म्हणाले, “नेणार आहे. नफा-तोटा येऊ दे.”

मोबाइलवर धडे तयार करायची लाट आली तेव्हा मला वाटलं, हे नाक मुरडणार. पण नाही. त्यांनी आमची विळी मागितली. विळी गच्चीच्या कठड्यावर मांडून, तिच्या पाटावर वीट ठेवून, पात्याला कापड गुंडाळून, त्यात मोबाइल खोवला की तो बरोबर त्यांच्या छातीच्या उंचीला येई. आमच्या गच्चीवर उभं राहून त्यांनी ‘कोन’ हा पाठ चित्रित केला. मागे शेजारच्यांचा कोंबडा चार वेळा आरवला. मी म्हटलं, “परत करा.” ते म्हणाले, “कोंबड्याला वगळलं तर पोरांना वाटेल मी खोटा आहे.” तो पाठ एक्केचाळीस वेळा पाहिला गेला. त्यातल्या किमान दहा वेळा तो आमच्याच ओटीवर पाहिला गेला, हे मी स्वतः मोजलं आहे.

शाळेत मोठा टीव्हीही आला होता, तयार धड्यांसकट. अपूर्णांकाच्या धड्यात एक खार बर्फातल्या घरात केक कापत होती. पोरांनी धडा संपल्यावर एकच प्रश्न विचारला, “गुरुजी, खार बर्फात मरत नाय?” गुरुजींनी टीव्ही बंद केला. मला म्हणाले, “खारीचा दोष नाही. ती दुसऱ्या कुणासाठी केलेली आहे. आपल्या पोरांना काय येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, मालक. त्यांना काय येतं ते आधी विचारावं लागतं.”

हे वाक्य त्यांच्या तोंडी रोजचं होतं. मी ते इतक्या वेळा ऐकलं होतं की त्याच्यावर माझ्या दोन जांभया आहेत.

मग एका संध्याकाळी ते जिन्यावरून उतरले नाहीत, थेट रस्त्यावरून ओटीवर आले. पायात चपला नव्हत्या. शाळेत विसरून आले होते, सहा किलोमीटर स्कूटरवर तसेच.

“मालक, सहाला पाऊणने गुणा!”

“साडेचार.”

“तुम्हाला येतं. माझ्या वर्गात तीन आठवडे कुणाला येत नव्हतं. आज मी कंटाळून खिडकीबाहेर बघत होतो. सहज विचारलं, आज भरती कधी गं? मागच्या बाकावरची मुलगी म्हणते, ‘आज षष्ठी, साडेचारला.’ कशावरून? तर ‘आजा सांगतो, तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता भरती.’ चतुर्थीला? ‘तीनला.’ दशमीला? ‘साडेसातला.’ फटाफट! चाचणीत अपूर्णांकाला शून्य आहे तिला. आणि नुसती ती नाही. तेवीसपैकी एकोणीस पोरांना येतं. घरात जाळी आहेत, होड्या आहेत, जन्मापासून ऐकतात. आणि मी केक कापत बसलो!”

त्यांची शाळा अगदी किनाऱ्यावर. कुंपणाच्या मागे वाळूची पुळण आणि पुढे समुद्र. त्यांनी ठरवलं की अपूर्णांकाचा गुणाकार पुळणीवर शिकवायचा. पोरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरमधून तिथी बघायची, पाऊणपट करायची, भरतीची वेळ काढायची, आणि मग वाळूत काठी रोवून पाणी खरंच त्या वेळेला चढायचं थांबतं का ते बघायचं. नियम एकच. अंदाज आधी वहीत लिहायचा, तोंडाने बोलायचा नाही. “एक जण बोलला की बाकीचे विचार करायचे थांबतात,” ते म्हणत.

पहिल्या आठ दिवसांत वर्गात जांभई पडली नाही. नवव्या दिवशी तक्रार पडली.

एका पोराचे वडील मुंबईला नोकरीला. त्यांना कुणीतरी मोबाइलवर पोरांचा पुळणीवरचा फोटो पाठवला. त्यांनी वर कळवलं की गणिताच्या तासाला मुलं समुद्रावर हुंदडतात, पुस्तक उघडलं जात नाही. आता विस्तार अधिकारी येऊन एक पाठ बघणार होते. पाठ पटला नाही तर गुरुजींना वर्गावरून काढून तालुक्याच्या कार्यालयात माहिती भरण्याच्या कामावर बसवायचं, असं जवळजवळ ठरलं होतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

हे सांगताना ते पहिल्यांदाच माझ्यासमोर खुर्चीवर बसले. एरवी उभेच असत. “काम वाईट नाही हो,” म्हणाले. “पंखा असतो. पण तिथे मला जांभई आली तर ती लिहिणार कोण?”

मग मी मदतीला धावलो. खरं म्हणजे न धावतो तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, “गुरुजी, वेळेचं तुम्ही बघा. पण पाणी कुठवर येतं ते मोजलंय का? साहेबांना बसवणार कुठे?”

त्यांनी ते मोजलं नव्हतं. मी ते अंगावर घेतलं. सलग पाच संध्याकाळी, सप्तमी ते एकादशी, कारखान्यातून सुटलो की स्कूटर थेट त्यांच्या शाळेमागे. पाणी चढायचं थांबलं की तिथे दगड ठेवायचा आणि कुंपणापासून टेपने अंतर घ्यायचं. पाच आकड्यांत दोन मीटरचाही फरक नव्हता. इतके एकमेकांना धरून असलेले आकडे मला कारखान्यातही क्वचित मिळतात. मी सरासरी काढली, फाटक रंगवून उरलेला लाल रंग एका खुंट्याला दिला आणि तो त्या जागी ठोकला. साहेबांची खुर्ची खबरदारी म्हणून आणखी तीन मीटर वर.

“पाचच दिवस?” गुरुजींनी विचारलं.

“पाचही आकडे जुळतात.”

“पोरांना विचारलंत?”

“यात पोरांना काय विचारायचं?”

ते माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले. पण अंदाज तोंडाने बोलायचा नाही हा त्यांचा नियम त्यांनी माझ्यासाठीही मोडला नाही.

साहेब आले तो दिवस शुक्ल तृतीया. तिनाची पाऊणपट सव्वादोन. मी अर्ध्या दिवसाची रजा काढून हजर होतो. गुरुजींनी माझी ओळख ‘साधनव्यक्ती’, म्हणजे मदतीला बोलावलेला जाणकार, म्हणून करून दिली. साहेब चांगले होते, पण दमलेले होते. त्यांनी पोरांच्या पंगतीला खिचडी खाल्ली, मग पुळणीवर आले. वाळू जाते म्हणून बूट काढले, मोजे त्यात कोंबले आणि खुर्चीजवळ ठेवले. बुटांवर तक्रारीची फाइल. मी त्यांना खुंटा दाखवला आणि पाच आकडे, त्यांची सरासरी आणि तीन मीटरची खबरदारी समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं.

पोरं वह्या घेऊन ओळीत बसली होती. गुरुजींनी विचारलं, “तृतीया. किती वाजता?” कुणी बोललं नाही, तेवीस पेन्सिली चालल्या. “लिहिलंत? आता आणखी एक. आज इथे आणखी काय होईल असं वाटतं, तेही लिहा.” पुन्हा पेन्सिली चालल्या. दोन पोरं खुसुखुसू हसली. गुरुजींनी डोळे वटारले.

मग सगळे पाण्याकडे बघत बसलो.

दोन वाजून तीन मिनिटांनी पाणी माझ्या खुंट्याला लागलं. मी घड्याळ पाहिलं. अजून बारा मिनिटं होती. मी स्वतःशी म्हटलं, लाट असेल, ओसरेल. दोन वाजून सहा मिनिटांनी खुंट्याचं टोकही दिसेना. दोन वाजून सात मिनिटांनी एक लाट सरळ आली, खुर्चीच्या चारही पायांभोवती फिरली आणि जाताना एक बूट आणि ती फाइल घेऊन गेली.

साहेब उभे राहिले. घोट्यापर्यंत पाण्यात. मी धावलो, फाइल मिळाली, बूट नाही. फाइल उचलली तेव्हा तिच्यातून पाण्याबरोबर एक छोटा खेकडा पडला.

“सर,” मी म्हणालो, “ही चूक गुरुजींची नाही. खुंटा माझा आहे. सरासरी माझी आहे.” त्या माणसाची उरलेली दोन वर्षं माझ्या लाल खुंट्याने वाहून नेली, असंच मला वाटत होतं. गुरुजी मात्र घड्याळ हातात धरून उभे होते.

सव्वादोन वाजले. पाणी थांबलं. एक मिनिट, दोन मिनिटं तिथेच डुलत राहिलं आणि मग बोटभर मागे सरलं.

साहेबांनी पँट वर दुमडली, ओळीत पहिल्या बसलेल्या पोराची वही घेतली आणि मोठ्याने वाचलं, “सव्वादोन वाजता भरती. खुर्ची भिजणार.” दुसरी वही. “सव्वादोन. खुर्ची भिजणार.” तिसरी. “२ १/४. खुर्ची भिजेल, बूट पण.” त्यांनी एकेक करून वह्या वाचल्या. एकोणीस वह्यांत खुर्ची भिजली होती.

“अरे मग मला सांगितलं का नाही?”

मागच्या बाकावरची ती मुलगी उभी राहिली. “गुरुजी म्हणाले, आधी लिवा, मग बघा. बोलायचं नाय.”

“आणि हा खुंटा चुकला कसा?”

“काका भांगाला आले होते मोजायला. भांगाची भरती लहान असते. आज उधाण हाय.”

“पण त्यांनी तर पाच दिवस मोजलं!”

“पाचही भांगाचेच. काकांना सुट्टी संध्याकाळी मिळते ना? संध्याकाळी भरती येते ती सप्तमी-अष्टमीच्याच बाजूला. अष्टमीला सहा वाजता. तेव्हा भांगच असतो.” मग माझ्याकडे बघून जरा समजुतीने म्हणाली, “काकांनी रोज रजा काढली असती तर बरोबर आलं असतं.”

मी एकवीस वर्षं माल तपासतो. एकाच वेळेला तपासलेला माल सगळ्या दिवसाचा धरू नये, हे मी नव्या मुलांना शिकवतो. हे मला पुळणीवर, अकरा वर्षांच्या मुलीकडून ऐकावं लागलं.

साहेबांनी विचारलं, “बरं, माझा बूट कधी परत मिळेल?”

तिने वहीच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं. “आत्ता सव्वादोन. सहा तासांनी सव्वाआठला ओहोटी, तेव्हा अंधार. उद्या चतुर्थी, चारची पाऊणपट तीन. उद्या तीनला इथेच बघा, पण खुर्ची कुंपणाशी ठेवा.”

दुसऱ्या दिवशी साहेब खरंच आले. फाइल आणली नव्हती. खुर्ची कुंपणाशी ठेवून तीनपर्यंत बसले. बूट मिळाला नाही, पण तीन वाजता पाणी थांबलं. शेरेबुकात त्यांनी लिहिलेला शेरा गुरुजींनी मला वाचून दाखवला. “पाठ परिणामकारक. मुलांचे पूर्वज्ञान उत्तम. साधनव्यक्तीचे पूर्वज्ञान कमी पडले.” कार्यालयात बसवण्याची गोष्ट त्यानंतर कुणी काढली नाही. मुंबईच्या त्या वडिलांचा मात्र फोन आला होता. पुढच्या सुट्टीत मुलाबरोबर पुळणीवर येतो म्हणाले.

मी गुरुजींना एकदा विचारलं, “खुंटा चुकलाय हे तुम्हाला माहीत होतं?”

“मला? मी चिपळूणच्या आतल्या गावचा. मला कुठलं माहीत?” आणि मग जिना चढताना, “पण पोरांना विचारलंत का, हे मी तुम्हाला विचारलं होतं.”

निवृत्त होईपर्यंत ते वर्गावरच राहिले. गेल्या मे महिन्यात गावी गेले. जाताना झारा, इडलीचा साचा आणि शिट्टी कायमची परत केली. झाऱ्यावर खडूने ‘उत्तीर्ण’ लिहिलं होतं. लाल खुंटा त्यांनी आमच्या फाटकाजवळ, चंद्र जिथे धरला होता तिथे, ठोकून ठेवला आणि जांभयांची वही माझ्या हातात दिली.

ती मी पहिल्या पानापासून तपासली. तृतीयेच्या त्या दिवसाचं पानही मिळालं. सेक्रेटरीचं अक्षर सुवाच्य आहे. मुलं, शून्य. गुरुजी, शून्य. साहेब, एक. वेळ, एक वाजून बावन्न मिनिटं. पुढे कंसात कारण लिहिलं आहे, ‘काका सरासरी सांगत होते तेव्हा’.

हे मला मान्य नाही. साहेबांनी नुकतीच खिचडी खाल्ली होती. माझ्या तक्त्याप्रमाणे ही जेवणानंतरची जांभई आहे, आणि तसं मी गुरुजींना पत्राने कळवलं आहे.